धुतलेली बशी

४ फेब्रुवारी

ती. वन्सं,

फोनवर तुम्ही नुसतं "काय? मोठ्याने बोल!" करता आणि मी मोठ्याने बोलले की समोरची शिंपीण मशीन थांबवून ऐकत बसते. म्हणून पत्रच बरं. तुम्हाला वाचता येईल आणि गल्लीला ऐकू जाणार नाही.

तुमच्या भावाला जाऊन वर्ष होत आलं. दिवस निभतो. दुकानात काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा ठेवून बघायचा, यात डोकं गुंतलेलं असतं. पण संध्याकाळी घरी आले की घर अंगावर येतं. मी दाराला कुलूप लावते, मग ते लागलंय का ते ओढून बघते, मग दारामागे रिकामे डबे एकावर एक रचते. कुणी दार ढकललंच तर डबे पडतील आणि मला कळेल. कळून मी काय करणार आहे, ते मात्र विचारू नका.

डबे रचायचं कारण म्हणजे आतली कडी सध्या नाही. गेल्या महिन्यात वाऱ्याने दार लागलं आणि चावी आत राहिली. शेजारच्या कुलूपवाल्यांनी येऊन उघडून दिलं, नवी चावी करून दिली, वर पैसेही घेतले नाहीत. कडी गंजली होती, ती काढून नेली, नवी आणून लावतो म्हणाले. माणूस अगदी देवासारखा आहे. त्यांच्या काकू असत्या तर मी संध्याकाळची त्यांच्याजवळ जाऊन बसले असते, पण त्या घर, सामान, सगळं या पुतण्यावर सोडून बहिणीकडे कायमच्या राहायला गेल्या म्हणे. इतकी वर्षं माझ्या हातचा चष्मा लावला, पण जाताना भेटल्यासुद्धा नाहीत. जरा वाईट वाटलं.

तुम्ही मागे म्हणाला होता की मागच्या अंगणात बाग कर, पक्षी-प्राणी येऊ देत, सोबत होईल. खरंच होईल का? आणि साप आला तर काय करू?

तुमची,
भागूबाई

१० फेब्रुवारी

चि. भागूबाईस आशीर्वाद.

माझ्या भावाने तुझं नाव भागूबाई ठेवलं तेव्हा मी त्याला रागावले होते. आता वाटतं, पोरगा चुकला नव्हता. घराला कुलूप लावून वर डब्यांची उतरंड रचणारी बाई जगाच्या पाठीवर तू एकटीच असशील. चोर आला तर पोटभर हसूनच पळून जाईल.

बाग करच. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी जन्मभर बाटल्यांतले प्राणी पुसले, त्यांच्यातला एकही मला चावला नाही. जिवंतही चावत नाहीत, तू त्यांच्या अंगावर पाय देईपर्यंत. तर ऐक. अंगणातल्या चार-सहा फरश्या उखडून टाक आणि माती मोकळी कर. तुझी ती घासूनपुसून लख्ख करायची सवय दुकानातच ठेव. पाला झाडायचा नाही, कोपऱ्यात ढीग करून सोडून द्यायचा. त्यात किडे येतात, किड्यांमागे बेडूक आणि सरडे. एक जुनी कढई जमिनीत पुरून पाण्याने भर, आत दगड रच म्हणजे पडलेल्याला बाहेर येता येईल. फवारणीचं औषध असेल तर फेकून दे. आणि कंपाउंडच्या भिंतीत तळाशी वीतभर भोक ठेव. प्राण्यांना आपल्या भिंती कळत नाहीत. मुंगसासारखं जनावर एका अंगणातून दुसऱ्या अंगणात जात-येत राहिलं तरच टिकतं. आणि मुंगूस आलं की सापाची काळजीच मिटली.

खायला मात्र काही घालायचं नाही. माणसाने घास घातला की जनावर लाचार होतं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. दिवे लागायच्या वेळी मागचा दिवा बंद, खिडकी बंद आणि पडदा ओढलेला. खुडबुड ऐकू आली तरी बघायला जायचं नाही. जनावर एकदा बिचकलं की पुन्हा फिरकत नाही. तुझ्यासारख्या भित्रीला हे काही अवघड नाही.

वन्सं

२ मार्च

ती. वन्सं,

तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं, आणि आता रोज जीव मुठीत धरून बसते.

फरश्या काढताना एकेक उचलायच्या आधी मी काठीने ठोकत होते. दोन गोगलगाई आणि एक गोम निघाली. गोम बघून मी न्हाणीघरात जाऊन दार लावून बसले. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला लागले, हे तुमच्या भावाला दिसायला हवं होतं. कढई पुरली. पाला साचला. आता तिथे दोन बेडूक आहेत. एक मोठा, त्याला मी दुकानाचे मालक म्हणते, कारण तो पोट पुढे काढून नुसता बसलेला असतो. पहिल्यांदा त्याने तोंड उघडलं तेव्हा माझ्या काळजात धस्स झालं होतं. आता तो गप्प राहिला की धस्स होतं.

भोकासाठी भिंत फोडावी लागली नाही. तळाशी पाणी जायची जुनी मोरी होती, ती विटेने बुजवलेली होती. वीट काढली. पलीकडे कुलूपवाल्यांच्या घरामागचा चिंचोळा बोळ आहे, तिथे कुणी जात-येत नाही. त्यांना विचारावं असं मनात आलं होतं, पण एवढ्याशा गोष्टीसाठी भल्या माणसाला कशाला त्रास द्यायचा? शिवाय परवा बोलता बोलता त्यांनी मला विचारलं, "वहिनी, मागे पाला साठवलाय का? साप होतात हो त्याने. साफ करून देऊ का?" मी नको म्हटलं. तुमचा धाक त्यांच्यापेक्षा जास्त आहे.

कडी अजून लावली नाही त्यांनी. मागे लागायला बरं वाटत नाही.

आणि वन्सं, भोकातून काहीतरी येतंय. अंधारून आलं की पाल्यात खसफस होते. थांबते. पुन्हा होते. मी तुम्ही सांगितल्याप्रमाणे दिवा मालवते, खिडकी लावते, आणि पांघरूण डोक्यावरून घेऊन रेडिओ लावते. काल रेडिओ लावायच्या आधी क्षणभर वाटलं, ते घशातून आवाज काढतंय. मुंगूस असा आवाज काढतं का? हळू, दम लागल्यासारखा?

भागूबाई

८ मार्च

चि. भागूबाई,

शाब्बास! माझा तर आनंद गगनात मावेना. घशातून आवाज म्हणजे मुंगूसच, नाहीतर घूस. दोन्ही आवाज काढतात. बघायला जाऊ नकोस, तेवढं पथ्य पाळ. महिन्याभरात ते तुला ओळखायला लागेल.

त्या कुलूपवाल्याला सांग, साप पाल्यात नाही, माणसाच्या डोक्यात असतो.

वन्सं

२० मार्च

ती. वन्सं,

मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवली. आता सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण माझी पाचावर धारण बसली आहे.

मी त्याला खायला घालते. तुम्ही नको म्हणाला होतात. पण मी स्वतःपुरतं एक अंडं उकडायला ठेवलं की ते पातेल्यात इतकं एकटं दिसतं, की मी दोन टाकते. दुसरं सोलून, पावाच्या तुकड्याबरोबर बशीत घालून भोकाशी ठेवते. पहिल्या दिवशी सकाळी बशी रिकामी होती. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! आपण कुणालातरी हवे आहोत, असं वाटलं.

मग हळूहळू लक्षात आलं, बशी नुसती रिकामी नसते, स्वच्छ असते. आधी मला वाटलं, चाटली असेल. पण वन्सं, मी काचा पुसणारी बाई आहे. चाटलेलं आणि धुतलेलं यातला फरक मला अंधारात बोट फिरवून कळतो. चाटलेल्या काचेवर ओघळ वाळतात. बशी धुतलेली असते. आणि पालथी घातलेली असते, पाणी निथळायला घालतात तशी.

परवा बशी उचलली तर खाली एक बटण होतं. निळं, चार भोकांचं. माझ्या कुठल्याच कपड्याचं नाही. काल एक गुळगुळीत खडा होता. आज पालाच होता, पण तीन पानं, देठ एकत्र करून दोऱ्याने बांधलेली. दोऱ्याला गाठ होती.

मला भीती वाटते. तुम्हीच सांगा, हे काय आहे. मी आज खिडकीला आतून जाड गोधडी लावली आहे. डब्यांचे दोन थर वाढवले. दुकानात आज एका म्हाताऱ्यांच्या डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवली. मालकांनी चष्मा परत माझ्यापुढे ठेवला.

भागूबाई

२५ मार्च

चि. भागूबाई,

राईचा पर्वत करू नकोस. आधी एक सांगते, अंडं घातल्याबद्दल तुला मी समोर असते तर कान धरून उभं केलं असतं. ते राहू दे.

चकाकणाऱ्या वस्तू गोळा करून आणणारे प्राणी असतात. कावळे करतात. घुशी तर बिळात काय काय नेऊन ठेवतात, चमचे, चाव्या, साबण. आमच्या कॉलेजच्या स्वयंपाकघरात एका घुशीच्या बिळात प्राचार्यबाईंची कवळी सापडली होती. दोरा पानांना गुंतला असेल, त्याला तू गाठ म्हणतेस. दंव पडून बशी धुतली गेली असेल. सगळ्याला कारण असतं. भीती वाटायला लागली की आपण कारण बघायचं सोडून देतो, हाच तुझा रोग आहे.

बशी ठेवणं बंद कर आणि शांत झोप.

वन्सं

ता. क. पत्र पाकिटात घालून पुन्हा काढलं. बशी रोज पालथी असते, असं तू लिहिलंस. रोज? दंवाने बशी पालथी होत नाही. मी जरा जुनी पुस्तकं चाळून बघते. तोवर तू दार नीट लावत जा.

३१ मार्च

ती. वन्सं,

पुस्तकं बघू नका. पुस्तकात नाही मिळणार.

आज सकाळी बशीत चष्मा होता.

एक काडी तुटलेली. उजवी काच जाड, डावी दुधी. डावा डोळा कामातून गेलेला असला की आम्ही तिथे दुधी काच घालतो, म्हणजे समोरच्याला तो डोळा दिसत नाही. असा चष्मा आमच्या दुकानातून मी एकच केला आहे. उजव्या काचेचा कोपरा घासताना माझ्या हातून बारीक टवका उडाला होता. तो मी फिरवून फ्रेमच्या खाली लपवला होता आणि मालकांना सांगितलं नव्हतं. आज फ्रेममधून काच काढून बघितली. टवका तिथेच आहे.

हा शेजारच्या काकूंचा चष्मा आहे. ज्या बहिणीकडे गेल्या, त्यांचा. त्यांना याच्याशिवाय आपल्या हाताची बोटं दिसत नाहीत. बहिणीकडे जाताना कुणी चष्मा मागे ठेवून जाईल का, वन्सं?

भिंतीपलीकडे, बोळात, त्या आहेत. मी त्यांना महिनाभर बशीतून खायला घालतेय आणि मुंगूस समजतेय. तो घशातला आवाज! मी रेडिओ लावत होते.

आणि ऐका. संध्याकाळी कुलूपवाले आले होते. हसतमुख, नेहमीसारखे. दारातच उभे राहून म्हणाले, "वहिनी, मोरीची वीट निघालीय तुमची. मला आत्ता दिसलं. सापाला आमंत्रणच हो ते. येत्या रविवारी सिमेंट लावून टाकतो. तुम्ही काळजी करू नका."

मी बरं म्हटलं.

मग जायला वळले आणि परत फिरले. म्हणाले, "भोकातून काही येतं का हो वहिनी?"

चष्मा माझ्या पर्समध्ये होता. पर्स माझ्या खांद्याला होती. मी म्हटलं, "बेडूक येतात." ते हसले. मग म्हणाले, "घाबरत जाऊ नका. मी आहे ना शेजारी. आणि तुमची चावी आहेच माझ्याकडे एक, अडीअडचणीला."

ती दुसरी चावी त्यांनी कधी केली, वन्सं? मी एकच मागितली होती.

कुणाला सांगू? सांगितलं आणि तिथे काही नसलंच तर? आणि असलं तर? रविवारी ते भोक बुजवतील. मग त्यांचं काय? लवकर लिहा, काय करू.

भागूबाई

४ एप्रिल

चि. भागूबाई,

हे पत्र मिळेल त्या क्षणी घर सोड. दोन कपडे घे, माझ्याकडे ये. भोकाजवळ जाऊ नकोस. त्या माणसाला काही कळल्याचं दाखवू नकोस. त्याच्याकडे तुझी चावी आहे आणि तुझ्या दाराला कडी नाही. कडी त्यानेच नेली, हे माझ्या आत्ता ध्यानात येतंय.

जन्मभर तुला भित्री म्हणाले आणि आज माझी बोबडी वळली आहे. तिकडे काय करायचं ते आपण इथून करू, पोलिसांना इथून कळवू. तू आधी नीघ. माझा एकच भाऊ होता, तो गेला. आता तुझ्यावर काही वेळ आली तर मला सोसवणार नाही.

मी तुला दिवा मालवायला सांगितला होता. माझ्या डोळ्यांपुढून ते हलत नाही.

ये, बाई, ये.

वन्सं

९ एप्रिल

ती. वन्सं,

तुमचं पत्र मिळालं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. मी सुखरूप आहे. काकूही आहेत. आता सविस्तर लिहिते, पण मध्ये मध्ये थांबते, कारण अजून दाराकडे लक्ष जातं.

शुक्रवारी दुकानात मालक जेवायला गेले तेव्हा मी चष्म्याला नवी काडी बसवली, काच धुतली, नाकावरच्या गाद्या बदलल्या. दुसरं काय करायचं ते मला सुचत नव्हतं, आणि हे तेवढं मला येतं. चौकीवरून दोनदा गेले. दोन्ही वेळा पाय आत वळेनात. मी काय सांगणार होते? की माझ्या बशीत बटण येतं?

घरी आले. कुलूप लावलं, ओढून बघितलं, डबे रचले. आणि मग तुमचं ऐकलं नाही. मागचा दिवा लावला, गोधडी काढली आणि खिडकी सताड उघडली. बशीत अंडं ठेवलं आणि शेजारी चष्मा. मग पाल्यात पालथी पडले, अगदी पोटावर, कढईच्या बाजूला. दुकानाचे मालक डुबकन पाण्यात गेले. पाल्यात साप असेल, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. भोकातून बशी पलीकडे सरकवली आणि हाक मारली, "काकू." आवाज फुटलाच नाही. पुन्हा मारली.

हात आला, वन्सं. नखं वाढलेली, मनगट इतकं बारीक की बांगडी कोपरापर्यंत गेली असती. चष्मा चाचपला. मग बशीवरून पुढे येऊन माझी बोटं चाचपली आणि घट्ट धरली. मी रडायला लागले. आणि पलीकडून अगदी हळू आवाज आला, "दिवा चालू राहिलाय गं तुझा. मालव आधी. त्याला दिसेल."

मला उठता आलं नाही. त्या बोटं सोडत नव्हत्या, की मी सोडत नव्हते, कोण जाणे.

तेवढ्यात पुढच्या दाराच्या कुलपात चावी फिरली. तो आवाज मला कुठेही ओळखू येतो. सकाळी बाहेरून लावताना ऐकते, संध्याकाळी आतून लावताना पुन्हा ऐकते. कुणी वाजवलं नाही, हाक मारली नाही. सरळ चावी फिरली आणि दार ढकललं गेलं.

आणि डबे पडले.

तुम्ही हसलात त्या डब्यांना. वन्सं, नव्या थरांसकट तो सगळा डोलारा एकदम कोसळला. पत्र्याचे डबे फरशीवर, पायऱ्यांवरून, थेट गल्लीत गडगडत गेले. पार तेल्याच्या दुकानापाशी एक झाकण सापडलं. आणि त्या आवाजाने माझा गळा मोकळा झाला. मी ओरडले. जन्मात कधी ओरडले नव्हते इतकी. समोरच्या शिंपिणीचं मशीन थांबलं ते मला मागच्या अंगणातूनही ऐकू आलं.

ती कापड बेतायची मोठी कात्री हातात घेऊनच आली. मागून तेली, त्याची सून, पलीकडचे दोघे-तिघे. मी अंगणातून पुढे धावले तर कुलूपवाले डब्यांच्या मधोमध उभे होते आणि हसत होते. "मागे दिवा दिसला," म्हणाले, "एरवी कधी नसतो. म्हटलं वहिनींना बरं नाही की काय."

शिंपीण म्हणाली, "मग दार वाजवायचं ना. चावी कशी तुमच्याकडे?"

"असते एक अडीअडचणीला. त्यांनीच ठेवलीय."

मी नुसतं मागे बोट दाखवलं आणि म्हटलं, "काकू. भिंतीमागे." सगळे माझ्यामागून अंगणात आले. तेही आले. हळहळल्यासारखी मान हलवत म्हणाले, "वर्षभर एकट्या आहेत बिचाऱ्या. भास होतात. काकू तर बहिणीकडे आहेत, सगळ्यांना माहीत आहे." आणि सगळ्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, वन्सं. माझ्या साडीला पाला चिकटलेला, केस सुटलेले, मी पुरलेल्या कढईपाशी उभी. मी त्यांच्या जागी असते तर मीही त्यांचंच खरं मानलं असतं. तेली म्हणाला, "बसा वहिनी, पाणी प्या." आणि मला वाटलं, संपलं. हे सगळे आता घरी जातील.

तेव्हा भोकातून बशी बाहेर आली.

हळूहळू, फरशीवर खरडत. सगळे बघत होते. तेल्याची सून तोंडावर हात ठेवून मागे सरली. बशीतलं अंडं तसंच होतं, आणि त्याच्या शेजारी तसंच दुसरं एक निळं बटण होतं.

पुढचं थोडक्यात सांगते. कुलूपवाले दाराकडे निघाले, पण दारात शिंपीण उभी होती. तिने कात्री उगारली नाही, नुसती हातात धरली होती. पोलीस आले. बोळातल्या खोलीच्या घराकडच्या दाराला बाहेरून तीन कुलपं होती, तिन्ही त्यांच्याच दुकानातली. घर काकूंच्या नावावर आहे आणि त्या सही करत नव्हत्या, एवढीच गोष्ट. दिवसातून एकदा चहा-पाव. बोळापर्यंत यायची मोकळीक होती, कारण बोळ दोन्ही टोकांना बंद, तिथून जाणार कुठे?

इस्पितळातून काकूंना परवा सोडलं. त्यांना दुसरं कुणी नाही, बहीणबिहीण काही नाही. मी घरी आणलं. पुढच्या खोलीत तुमच्या भावाच्या खाटेवर झोपतात. नवं कुलूप गावाच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानातून आणलं, कडी सुताराकडून लावून घेतली, तरी डबे रचतेच. कुलूपवाल्यांना जामीन मिळाला म्हणतात. घराकडे फिरकलेले नाहीत. कुठे आहेत ते कुणालाच माहीत नाही, आणि मला रस्त्यात कुणाच्या हातात चाव्यांचा जुडगा वाजला तरी मी रस्ता ओलांडून पलीकडे जाते. ही भीती जाईल असं वाटत नाही.

काल दुपारी काकूंना विचारलं, बशी कशाला धुवत होतात? म्हणाल्या, "तू कामावरून दमून येतेस. वर माझं उष्टं कशाला धुवायचं?" आणि ते बटण, खडा? तर म्हणाल्या, "कुणाची बशी रिकामी कशी परत करायची? हाताला लागेल ते ठेवत होते. आणि चष्म्याची काडी मोडली, ती तुझ्याशिवाय कुणाकडे देणार?" बेडूक ओरडायला लागले तेव्हाच त्यांना कळलं होतं की भिंतीपलीकडे कुणीतरी पाणी ठेवलंय. त्या रोज संध्याकाळी भोकाला कान लावून बसायच्या.

मग मी ते विचारलं, जे विचारायचं नव्हतं. मोठ्याने हाक का नाही मारली? एकदा तरी?

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाल्या, "तो म्हणाला होता, ओरडलीस तर शेजारणीकडे जाईन. तिची चावी आहे माझ्याकडे. आधी आधी मी हळू हाक मारायची. पण मी हाक मारली की तू दिवा मालवायचीस आणि खिडकी लावायचीस. मला वाटलं, तुला सगळं कळलंय आणि तू घाबरली आहेस. मग म्हटलं, नको. घाबरलेल्या बाईला आणखी काय घाबरवायचं? खायला घालतेय, तेवढं पुष्कळ आहे."

वन्सं, मी त्यांना सांगितलं नाही, की मी मुंगूस बिचकू नये म्हणून दिवा मालवत होते. तुम्हीच सांगा, कसं सांगू?

भोक मी बुजवलेलं नाही. काकू बुजवू देत नाहीत. आज सकाळी तिथे ओल्या मातीत बारीक पंजाचे ठसे होते, पाच बोटांचे, कढईपर्यंत जाऊन परत गेलेले. बघून आम्ही दोघीही घाबरलो.

तुमची,
भागूबाई

१४ एप्रिल

चि. भागूबाई,

काकूंना खरं सांगायचं. मी सांगेन. माझ्या तोंडाने सांगेन, तुझ्यावर दोष नको.

येत्या रविवारी सकाळच्या गाडीने निघणार आहे, अंधार पडेपर्यंत तुझ्या दारात असेन. मला ऐकू कमी येतं, तेव्हा तू आतून "कोण आहे" म्हणालीस तर मला कळणार नाही आणि तू घाबरशील. म्हणून आधीच सांगून ठेवते, दाराबाहेरून जी "भागूबाई, भागूबाई" ओरडेल आणि उत्तर ऐकून घेणार नाही, ती मी.

डबे राहू देत. मागचा दिवा मात्र चालू ठेव.

वन्सं